दवाखान्याच्या आवारातल्या काड्या

२ नोव्हेंबर
आमच्या घरात अंगणातल्या भिंतीवरच्या, थंडी मोजायच्या पाऱ्याचं रोज लिहून ठेवतात. सकाळी सूनबाई अंगणात जाते, तो किती उतरला नि किती चढला ते बघते आणि मागच्या दाराच्या कॅलेंडरवर मांडते. आज मी म्हटलं, काचेच्या नळीचं रोजचं म्हणणं टिपून ठेवता, आणि मी दिवसभर बोलते ते वाऱ्यावर जातं. मला लिहिता येत नाही म्हणून? पाऱ्याला तरी कुठे येतं?

सूनबाईला हसायला वेळ नव्हता. पण तिच्या आईनं पेन काढलं.

तर हे लिहितायत त्या माझ्या विहीणबाई. आयुष्यभर टपाल कचेरीत खिडकीमागे बसल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला इथे आल्या, गुडघा बरा झाला, त्या राहिल्या. सूनबाई आम्हा दोघींनाही आईच म्हणते. तिची हाक आली की दोघी उठतो, आणि काम काय आहे ते कळलं की एक जण परत बसते. ती कोण, ते मी सांगत नाही. विहीणबाईंचं पेन थांबलंय. थांबायचं नाही, असं ठरलंय आपलं. मी बोलेन ते जसंच्या तसं, तुमच्याबद्दल असलं तरी.

६ नोव्हेंबर
सूनबाईनं विमा कचेरीतली चांगली सावलीतली नोकरी सोडून घरामागे झाडांची नर्सरी काढली, त्याला आता वर्ष होऊन गेलं. माझा मुलगा पाणीपुरवठ्यात आहे, तो म्हणाला, कर. त्याचं काय, त्याला कशालाही कर म्हणायची सवय आहे.

तिची दुकानदारी उलटी आहे. माणूस झाड घ्यायला येतो, ही विचारते, लावणार कुठे? भिंतीलगत का उघड्यावर? घर चढावर का खोलात? आणि उत्तर ऐकून म्हणते, मग हे नका नेऊ, मरेल. पदरात पडलेलं गिऱ्हाईक झटकून टाकते. हमरस्त्यावरच्या रंगीत नर्सरीत जा, तिथला मालक चंद्रावर लावायलासुद्धा झाड देईल. झाड मेलं की माणूस पुन्हा त्याच्याकडेच जातो, नवं घ्यायला.

मी एकदा म्हटलं, अगं, वधूपरीक्षा कमी घे जरा. ती म्हणाली, आई, झाड माझ्या घरचं आहे, ते कुठे पडतंय ते मी बघायला नको? मलाही बघूनच दिली होती म्हणतात. फार बारकाईनं बघितलं नसावं.

९ नोव्हेंबर
मोठी बातमी. सरकारी दवाखान्याच्या आवारात दर्शनी झाडं लावायचं काम सूनबाईला मिळालं. तिथला व्यवस्थापक माझ्या ओळखीचा आहे, म्हणजे त्याचे बूट ओळखीचे आहेत. इतके चकचकीत, की वाकलं तर भांग पाडता येईल. मी त्याला टापटीप म्हणते.

टापटीपला कण्हेर हवी होती. बारा महिने हिरवी, वर गुलाबी फुलं. मलाही वाटलं, काय वाईट? ह्या बर्फाच्या डोंगरात येण्याआधी आम्ही खालच्या उष्ण गावात होतो, तिथे कण्हेर रस्त्याच्या कडेला कुणी न विचारता उभी असायची. सूनबाई नको म्हणाली. मग जेवणाच्या टेबलावर तिनं आम्हा दोघींपुढे कुठे किती गारठा पडतो त्याचा एक रंगीत नकाशा पसरला.

मला कळलं ते असं. प्रत्येक गावात वर्षाची एक रात्र सगळ्यात थंड असते. ती रात्र किती खाली गेली ते लिहायचं. पुढच्या वर्षीची तशीच एक. अशा पुष्कळ वर्षांच्या पुष्कळ रात्री एकत्र करून त्यातून मधली काढायची. त्या आकड्यावरून गावाला पट्टा मिळतो. ती झोन म्हणते, मी पट्टा म्हणते. उन्हाळा किती तापतो, बर्फ किती पडतो, ह्याच्याशी देणंघेणं नाही. झाडाला विचारायचा प्रश्न एकच, तुझ्या वर्षातली सगळ्यात वाईट रात्र तू काढशील का?

मी म्हटलं, हे माणसांनाही विचारायला हवं, लग्नाआधी.

आकडा जितका लहान तितका गारठा जास्त, हे मात्र मला उरफाटं वाटलं. आमच्या गावाचा पट्टा सात. सूनबाई म्हणते, दवाखाना उताराच्या तळाशी आहे, गार हवा जड असते, पाण्यासारखी वाहत खाली येते आणि आवाराच्या भिंतीनं अडते. टपात साठावी तशी. मागच्या हिवाळ्यात ती पारा घेऊन तिथे सकाळी सकाळी जात होती. मला वाटायचं फिरायला जाते. तिथला पारा आपल्या अंगणापेक्षा नेहमी खाली. म्हणून तिथे सात नाही, सहा धरायचे. कण्हेर सहात टिकत नाही, सातातही नाही.

सहा म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्री पारा शून्याच्या खाली अठरा, नाहीतर त्याहूनही खाली. मी विचारलं, शून्याच्या खाली असतं तरी काय? शून्य म्हणजे संपलं ना? विहीणबाई म्हणाल्या, शून्य हा तळमजला समजा, खाली तळघर आहे. टपाल कचेरीत होतं, पार्सलं तिथे ठेवायचे. बरं म्हटलं. तळघरात उभी राहू शकतील अशी झाडं हवीत.

२१ नोव्हेंबर
लावली. लायलॅक म्हणतात त्याला, थंड मुलखातलं फुलांचं झुडूप. मी बघायला गेले, तर ओळीनं काड्या. पानं गळून गेलेली, बोटाएवढ्या जाड, करड्या. अगदी फाटकापासून नव्या वॉर्डाच्या दारापर्यंत. मी म्हटलं, सूनबाई, हे झाड आहे का झाडाचा सांगाडा? दवाखान्यात बरं दिसत नाही गं.

ती हाताची माती झाडत म्हणाली, झोपलंय ते. वसंतात बघा.

परत येताना विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही गप्प आहात म्हणजे काळजीची गोष्ट आहे.

१४ डिसेंबर
टापटीपनं रंगीत नर्सरीतून मोठ्या कुंड्यांतली कण्हेर आणून फाटकाशी दोन्ही बाजूंना उभी केली. सूनबाईला म्हणाला, मॅडम, तुमचं येईपर्यंत डोळ्यांना काहीतरी हवं. लोक येतात, कण्हेरीपाशी फोटो काढतात, काड्यांना छत्र्या अडकवतात.

हे गाव लहान आहे आणि दवाखान्यात सगळ्यांना यावंच लागतं. आज औषधाच्या रांगेत एक बाई म्हणाली, अमक्यांच्या सुनेनं काड्या पुरल्यात. मी म्हटलं, अमक्यांची ती सासू मी. त्या झोपल्यात. ती म्हणाली, मेल्यासारख्या दिसतात. मी म्हटलं, तुमचे हे दुपारी झोपतात तेव्हा कसे दिसतात?

रांग हसली. घरी आल्यावर मला स्वतःला काही हसू आलं नाही. कारण मलाही त्या मेलेल्याच वाटतात. सूनबाईला हे वाचून दाखवायचं नाही, विहीणबाई.

२९ डिसेंबर
नर्सरीच्या फाटकाला घंटा आहे, ती वाजत नाही. कोण येईल? दवाखान्यात नमुना उभा आहे. चिरंजीव जेवताना म्हणाले, वसंतापर्यंत बघू, नाहीतर विमा कचेरीवाले अजून तिला विचारतात. सूनबाईनं मान हलवली. एवढी आज्ञाधारक ती कधीच नव्हती.

म्हणजे सगळं त्या काड्यांवर आलं. त्या मेल्या की नर्सरीला कुलूप, आणि ही पुन्हा खुर्चीवर बसून लोकांच्या अपघातांचे हिशेब करणार. तिच्या नखांत माती असते ती मला आवडत नाही असं मी नेहमी म्हणते. नखं स्वच्छ झाली तर मला बघवणार नाही, हे आज कळलं.

विहीणबाई, नाक पुसा आणि लिहा.

८ जानेवारी
काल रात्री पाऱ्यानं तळघराचा तळ गाठला. सकाळी सूनबाई आत आली तेव्हा पापण्यांवर दहिवर होतं. आमच्या अंगणात शून्याखाली चौदा, दवाखान्यात अठरा. तिच्या आवाजात भीती नव्हती, उलट, एखाद्या मुलाचा निकाल लागावा तसा तो होता. म्हणाली, बघा, बरोबर सहाच्या काठावर. मी सांगितलं होतं.

मी म्हटलं, तू बरोबर ठरलीस म्हणून एवढं गारठायला नको होतं त्यानं.

११ जानेवारी
कण्हेर गेली. पानं शिजवलेल्या भाजीसारखी काळी होऊन लोंबतायत. टापटीप त्यांच्यापुढे बूट जुळवून उभा होता. सूनबाईच्या जागी मी असते तर त्याला चार शब्द सुनावले असते. तिनं सांगितलं, कुंडीत मुळंसुद्धा गोठतात, जमिनीत तरी थोडी ऊब असते. आणि वर म्हणाली, वाईट वाटलं हो. हिला भांडताच येत नाही. माहेरची शिकवण. लिहा, विहीणबाई, माहेरची.

काड्या होत्या तशाच. पण मेलेल्या काडीला थंडीचं काय?

१९ जानेवारी
आता विहीणबाईंची नि माझी एक गोष्ट आहे, ती ह्या दैनंदिनीतच राहू दे. आम्ही रोज गुडघ्याचा व्यायाम म्हणून दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसतो. कुणी काड्यांना छत्री लावली की मी खाकरते, विहीणबाई टपालखिडकीतला चेहरा करतात. त्या चेहऱ्यासमोर मी माणसांना आपसूक रांगेत उभं राहताना बघितलंय.

आज राहवेना. बाकाजवळच्या तीन काड्यांना आम्ही गुंडाळलं. आतून माझी जुनी शाल फाडून, वरून नर्सरीतलं पारदर्शक प्लॅस्टिक. विहीणबाईंनी पार्सलाची गाठ मारली, ती देवालासुद्धा सुटायची नाही. थंडीत लेकराला उघडं टाकून मोठ्या शास्त्राच्या गप्पा मारायच्या, हे मला पटत नाही. नकाशाला आजी नसते.

१६ फेब्रुवारी
आठवडाभर छान ऊन आहे. लोक कोट हातावर घेऊन फिरतात. आम्ही प्लॅस्टिकच्या आत डोकावलो. काडीच्या टोकाला हिरवं. फुगलेला, टपोरा, गुलाबी कडेचा डोळा. तिन्हींना.

बाकीच्या काड्या? ढिम्म. आम्ही गुंडाळल्या त्याच जगल्या. विहीणबाईंनी माझा हात धरला, बराच वेळ. मग दोघींना एकदमच सुचलं की बाकीच्यांनाही गुंडाळायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी
आजचा दिवस नीट लिहा.

आम्ही बाकावर. टापटीप आला, मागे दोन माणसं, खांद्यावर कुदळी. नव्या वॉर्डाचं उद्घाटन जवळ आलंय, पाहुण्यांना काड्या दाखवायच्या नाहीत, उपटून टाका म्हणाला. मी उठून पहिल्या काडीपुढे उभी राहिले. तो म्हणाला, आजी, बाजूला व्हा. मी म्हटलं, बाळा, माझा गुडघा धरलाय, हलता येत नाही. तो म्हणाला, दवाखानाच आहे, आत चला. वाईट नव्हता तो, पण कुदळी होत्या.

विहीणबाईंनी पर्समधली कात्री काढली आणि आपलीच गाठ कापली. प्लॅस्टिक काढलं, शाल काढली, आणि बोट दाखवलं. टापटीपनं चष्मा लावला. मग वाकला. मी त्या बुटांच्या माणसाला ओल्या मातीत गुडघा टेकताना बघितलं.

म्हणाला, हे जिवंत आहे.

मी म्हटलं, मग मी नोव्हेंबरपासून काय सांगतेय? त्या झोपल्यात. माझी सून सांगते ते पुस्तकात असतं, आणि पुस्तकात नसलं तर पाऱ्यात असतं. तुमच्या कण्हेरीचं काय झालं ते सगळ्या गावानं बघितलंय. तिनं इथे उभं राहून गारठा मोजलाय, तुम्ही गाद्यांत होता तेव्हा. तिला विचारल्याशिवाय एक काडी हलवायची नाही.

मी एवढं बोलले. विहीणबाई म्हणतात मी ह्याहून जास्त बोलले, पण लिहिण्याजोगं एवढंच.

त्यानं उद्घाटनापर्यंत, म्हणजे मेच्या सुरुवातीपर्यंत मुदत दिली. कुदळी गेल्या. मग माझा गुडघा खरंच धरला.

१० मार्च
पुन्हा गारठा. दोन रात्री. आमची तीन हिरवी टोकं काळी पडली. बोट लावलं तर गळून आली. बाकीच्या काड्या अजून ढिम्म. म्हणजे आता सगळ्याच मेल्या.

सूनबाईला सांगायचं कुणी, ह्यावर विहीणबाई नि मी भांडलो. त्या म्हणाल्या, शाल तुमची. मी म्हटलं, गाठ तुमची.

११ मार्च
सांगावं लागलं नाही. ती तिथे गेली होती. संध्याकाळी मागच्या खोलीतून हाक आली, दोन्ही आयांनो, इकडे या. असं ती रागावली की म्हणते.

टेबलावर माझ्या शालीचा तुकडा होता. ती म्हणाली, त्यांना थंडीनं नाही मारलं. उबेनं फसवलं. झाड झोपलेलं असतं तेव्हा ते कडाक्याचं सोसतं. तुम्ही प्लॅस्टिक घातलं, उन्हानं आत उन्हाळा झाला, त्यांना वाटलं वसंत आला, उठली. उठलेलं झाड नाजूक असतं. मग मार्चनं झोडपलं. बाकीची शहाणी, अजून झोपून आहेत. लायलॅकला थंडी लागतेच, थंडी खाल्ल्याशिवाय फुलतच नाही तो.

मी विचारलं, मग आमच्या तीन?

खोड जगेल. फुलं ह्या वर्षी नाहीत.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, पण त्या हिरव्यामुळे कुदळी परत गेल्या. आणि सगळं सांगून टाकलं, बाक, गुडघा, टापटीप, मी काय काय बोलले ते. त्यांचा जावई नाही सापडला म्हणून बाकी राहिला, नाहीतर त्यालाही सांगितलं असतं. माझा मुलगा म्हणायचंय मला, जावई तुमचा. लिहा तसंच.

सूनबाई ऐकत होती. मग कुंड्यांच्या फळीकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. तिला सर्दी झाली असणार, नाक ओढत होती. ह्या गारठ्यात पहाटे पहाटे जाते, होणारच. मी आलं घालून चहा केला. प्यायली, आणि माझ्या पदराला हात पुसले. मातीचे.

२० एप्रिल
पानं. फाटकापासून वॉर्डापर्यंत प्रत्येक काडीला, बदामाच्या आकाराची. आमच्या तिन्हींनाही, बुंध्यापासून, जरा शरमल्यासारखी. एकसुद्धा मेली नाही. मी ओळ दोनदा चालून बघितली. गुडघ्याबद्दल कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१२ मे
फुलली. जांभळे घोस, आणि वास असा की औषधांचा वास फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. पेशंट खिडक्यांना. एक म्हातारा सलाइनचा खांब ढकलत बाहेर आला नि नर्स मागून ओरडत. सगळ्या झाडांना घोस नाहीत, सूनबाई म्हणते पहिलंच वर्ष आहे. पण पुरे आहेत.

टापटीप सूनबाईला म्हणाला, मॅडम, मागचं आवारही तुम्हीच करा, काय लावायचं ते मी विचारणार नाही. ती म्हणाली, विचारा, पण आधी मला एक हिवाळा तिथला पारा बघू दे. काम मिळतंय आणि ही एक हिवाळा मागते. औषधाच्या रांगेतली ती बाई शेजारी होती. मी तिला म्हटलं, ह्याला म्हणतात सून. ती म्हणाली, भाग्यवान आहात. मी म्हटलं, भाग्य कसलं, मी निवडून आणलीय. विहीणबाई खाकरल्या. बरं, ह्यांनी वाढवलीय. मग मी निवडलीय.

आमच्या तिन्हींना नुसती पानं. त्यांच्यापुढे मी जरा जास्त वेळ थांबले.

२ जून
नर्सरीची घंटा दिवसभर वाजते. आज सूनबाई मागे पाणी घालत होती, विहीणबाई पाट्या लिहीत होत्या, मी पुढे होते. बस चालवणारा एक जण आला. आईसाठी अंजिराचं झाड हवंय, अंगणात लावायला.

मी म्हटलं, घर कुठे?

नदीकडे.

खोलात?

हो, पुलाच्या खाली. पण आजी, मी नकाशा बघितलाय, पट्टा काठावर बसतो.

मी म्हटलं, नकाशात गाव दिसतं, तुमच्या आईचं अंगण दिसत नाही. गार हवा तुमच्याकडे वाहत येते आणि पुलाशी साठते. वर्षातली सगळ्यात वाईट रात्र ह्या अंजिराला तिथे काढता येणार नाही. लावायचंच तर कुंडीत लावा, गारठ्यात घरात घ्या, आणि मधेच ऊन पडलं म्हणून घाईनं बाहेर काढू नका. ते फसतं. आणि अंगणासाठी, हे बघा, तिकडे लायलॅक आहे.

तो म्हणाला, आजी, हे कुठे शिकलात?

मागे पाण्याचा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं नाही.

म्हटलं, सुनेच्या हाताखाली.

हे मी मोठ्यानं म्हटलं, विहीणबाई, तेव्हा मोठंच लिहा. मला वाचता येत नाही, पण अक्षर लहान का मोठं, एवढं दिसतं मला.